तुम्ही विचारलंत म्हणून: लंबकाचा पंप फुकट पाणी देतो का?

“वीज नाही, डिझेल नाही, मग पाणी वर येतं कसं? यात जास्तीची ताकद तयार होते का?” अंबाजोगाईजवळच्या आमच्या आडावरचा लंबकाचा पंप बघणारा जवळपास प्रत्येकजण हे विचारतो. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इथल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

मूळ कल्पना सर्बियाच्या वेल्को मिल्कोविच यांची. तरफेच्या एका टोकाला लंबक, दुसऱ्या टोकाला हातपंप. मी अँगलची चौकट वेल्डिंग करून घेतली, जुनी बेअरिंगं बसवली, ६० सेंटिमीटरच्या दांड्याला २० किलोचं वजन लावलं. ६० अंशांवरून सोडलं की ते मधून जाताना ४० किलोच्या वजनाइतकं ओढतं आणि टोकाला थबकतं तेव्हा १० किलोइतकंच. (टेकू स्थिर धरून हा हिशेब, तरफ हलली की आकडे थोडे सरकतात.) या कमीजास्त ओढीनं तरफ खालीवर होते, लंबकाच्या एका जाण्यायेण्यात दोनदा. बघणाऱ्याला वाटतं, २० चे ४० झाले! पण ओढ वाढली म्हणून ऊर्जा वाढत नाही.

ते मोजता येतं. ६० अंशांवर वजन ३० सेंटिमीटर वर जातं. त्याला साधारण ५९ ज्यूल लागतात. पावसाळ्यानंतर आमच्या आडातल्या पाण्यापासून तोटी ३ मीटर उंच असते. ५९ ज्यूलमध्ये तिथवर फार तर २ लिटर पाणी चढेल. पंप आधी भरून घ्यायचा, वजन खुणेपर्यंत नेऊन सोडायचं, पुन्हा हात लावायचा नाही, पडलेलं पाणी मापायचं. मला निम्मंसुद्धा कधी मिळालं नाही. उरलेलं बेअरिंग, वॉशर आणि हादरणारी चौकट खाते. दुसरी चाचणी मला जास्त आवडते. तरफ खिळीनं अडवली की लंबक कितीतरी वेळ डुलत राहतो. खीळ काढली, पंप ओढायला लागला, की लगेच मंदावतो. पाण्याला लागलेली ताकद त्याच्याच झोक्यातून गेलेली असते.

मग ठेवलाय कशाला? आईसाठी. तिचे खांदे दुखतात, पंपाचा दांडा दाबवत नाही. लंबकाला ती लयीत हलके हलके ढकलते. एकूण कष्ट कमी होत नाहीत, पण एका वेळी थोडेच पडतात. एवढ्यासाठी हे यंत्र मला मोलाचं वाटतं. शेकडो फूट खोल बोअरवर मात्र ते चालणार नाही. “जास्तीची ऊर्जा” म्हणत कुणी आगाऊ पैसे मागितले, तर वजन किती उचललं आणि पाणी किती चढलं, हे तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.