बेटांची यादी न देणारी आमची कंपनी

आम्ही पाहुण्यांना शिडाच्या बोटीतून बेटांच्या सहलीला नेतो. चौकशीसाठी फोन आला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘सात दिवसांत किती बेटं दाखवणार?’ आम्ही आकडा सांगत नाही, यादीही पाठवत नाही. काही लोक तिथेच फोन ठेवतात. ट्रॅव्हल एजंट तर आमच्या वाटेला फारसे येतच नाहीत, कारण त्यांना छापायला काहीतरी लागतं. आमचा धंदा छोटा राहिला आहे तो बराचसा यामुळेच. टिकलाही यामुळेच, असं माझं मत आहे. भागीदाराचं मत विचाराल तर तो आधी हिशोबाची वही काढेल.

आमच्याकडे स्वतःची बोट नाही. हिंदी महासागरातलं सेशेल्स, कॅरिबियनमधले ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स आणि ग्रेनेडीन्स अशा ठिकाणी शिडाच्या यॉट आठवड्याच्या बोलीवर भाड्याने मिळतात. त्याला बेअरबोट म्हणतात. बोट त्यांची, कप्तान आमचा. स्वतःची बोट घ्यावी का, यावर आम्हा दोघांत पुष्कळ वाद झाले. निकाल दिला तो हवामानाने. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात, म्हणजे कॅरिबियनमधली बोट निम्मं वर्ष कुठेतरी सुरक्षित बांधून ठेवायची आणि विम्याचे हप्ते भरत बसायचं. याउलट सेशेल्सची मुख्य बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर, चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत. म्हणून आम्ही हंगामाप्रमाणे महासागर बदलतो. एका बोटीने ते जमलं नसतं.

यादी का देत नाही, हे मात्र नीट सांगायला हवं. पाहुणे बरोबर असताना यॉट सरासरी पाच-सहा नॉटने चालते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे वेग झाला ताशी दहाएक किलोमीटर. उष्ण कटिबंधात सूर्य सहा-साडेसहाला मावळतो आणि बघता बघता काळोख होतो. त्यात प्रवाळाच्या खडकांमधून वाट काढायची तर ऊन डोक्यावर किंवा पाठीशी हवं, तरच पाण्याचा रंग वाचता येतो: गडद निळं असेल तर खोल, फिकट हिरवट असेल तर वाळू, तपकिरी दिसलं की लांब राहायचं. समोरून तिरपं ऊन आलं की यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे दुपारी तीन-चारच्या आत नांगर टाकायचा, हा आमचा नियम आहे. एवढं सगळं वजा केल्यावर प्रवासाला दिवसातले तास किती उरतात ते मोजा, आणि मग सात दिवसांत दहा बेटांची जाहिरात वाचा.

आणि वारा आहेच. सेशेल्समध्ये मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. तेव्हा प्रालाँ बेटाच्या वायव्येचा आन्स लाझिओ हा किनारा शांत असतो, तर ला डीग बेटाच्या आग्नेयेकडच्या ग्रँड आन्स किनाऱ्यावर लाटा फुटत असतात. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा झाला की आन्स लाझिओतच बोट रात्रभर डुलते. फोटोतला किनारा तोच असतो, पण त्या रात्री तिथे झोप लागेल की नाही ते महिन्यावर ठरतं. पहिल्यांदाच येणाऱ्यांना आम्ही जुलै-ऑगस्ट सुचवत नाही. आग्नेयेचे वारे तेव्हा सगळ्यात जोरात असतात.

एका पाहुण्याने एक बेट राहिलं म्हणून पैसे परत मागितले होते. तेव्हापासून करारात ठळक अक्षरांत एक ओळ आहे: मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाचा.

बोटही आम्ही पाहुणा बघूनच घेतो. भागीदाराचा जीव एकखोडी, म्हणजे एकाच सांगाड्याच्या नेहमीच्या बोटीत अडकलेला आहे, पण ती वाऱ्यात पंधरा-वीस अंश कलली की नवख्या माणसाचा चेहरा उतरतो. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे शेजारी जोडलेली बोट, फारशी कलत नाही, म्हणून पाहुण्यांसाठी तीच. तिच्यात एक मेख आहे. कलणारी बोट शीड जास्त झाल्याचं स्वतःच सांगते, कॅटामरान सांगत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या आकड्यावर नजर ठेवून शीड वेळेआधीच आखडावं लागतं.

पहिल्या दिवशी मोकळ्या समुद्रात जायचं नाही, हे आम्ही अनुभवाने ठरवलं. ज्याला बोट लागते त्याला ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत लागते. गोळी घ्यायची तर निघण्याआधी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. त्या दिवशी आडोशाला पोहायचं, डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत, चढ-उतर शिकायची आणि संडासचा पंप कसा मारायचा ते ऐकायचं. या भाषणाला सगळे हसतात. आम्ही ते तरीही पूर्ण देतो, कारण तुंबलेली नळी साफ करायला शेवटी कप्तानच वाकतो. गोडं पाणी टाकीत काहीशे लिटर असतं. आंघोळ समुद्रात, वरून दोन मग गोडं पाणी. तिसऱ्या दिवसापर्यंत पाहुणेच एकमेकांना ओरडायला लागतात.

एका फेरीत एकच कुटुंब किंवा एकच मित्रमंडळ, अनोळखी लोक एकत्र करायचे नाहीत. रिकाम्या केबिनचं भाडं अंगावर पडतं, ते पडू देतो. बोटीवरून रुसून कुठे जाता येत नाही.

वेळापत्रक एकच पाळतो, ते परतीच्या विमानाचं. शेवटच्या रात्रीचा नांगर बोट परत करायच्या बंदरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर पडतो, मग वारा कितीही छान असो.

पुढे प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियाचा विचार चालू आहे. तिथे रायातेआ आणि ताहा ही दोन बेटं एकाच प्रवाळकड्याच्या, म्हणजे भोवतीच्या प्रवाळाच्या भिंतीच्या, आत आहेत, त्यामुळे आतलं पाणी बरंचसं शांत. पण आत-बाहेर करायचं ते कड्यातल्या खिंडींतून, आणि बाहेर लाटा मोठ्या असल्या की कड्यावरून आत आलेलं पाणी त्याच खिंडींतून जोरात बाहेर पडतं. पाहुणे नेण्याआधी आम्ही दोघंच एक फेरी करून येणार आहोत. तोपर्यंत त्या बुकिंगसाठी फोन आला तरी उत्तर ‘अजून नाही’ असंच मिळेल.