‘जुनी लेन्स आहे, अशीच यायची!’

मामाच्या झेनिट-ई या जुन्या सोव्हिएत फिल्म कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ लेन्स मला माझ्या सोनी डिजिटल कॅमेऱ्यावर लावायची होती, बस्स. दोघांना जोडणारी कडी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, ऑनलाइन आला. मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर चालू देणारी एक सेटिंग असते, ती सुरू केली. जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखूच येत नाही, नाहीतर बटण दाबत बसा, फोटो निघतच नाही. इथपर्यंत कुठे अडलं नाही.

अडलं ते बुरशीपाशी. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, शिवाय एक धुरकट थर. मुंबईचे इतके पावसाळे चामडी पाऊचमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार! (चामडं ओल धरतं. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.) फोकसची रिंगही वंगण सुकून जाम झाली होती. म्हणून फोर्टातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. देताना बजावलं, की काचेला पॉलिश करू नका, तिच्यावरचं कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, जाईल.

‘पुढच्या आठवड्यात या’ असं बरेच आठवडे ऐकल्यावर लेन्स हातात आली. बुरशी गेली होती, रिंग लोण्यासारखी फिरत होती. घरी येऊन खिडकीतून समोरच्या इमारतीचा फोटो काढला तर सगळं मऊ, धूसर. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान करून एफ/८ वर नेलं तरी मऊच. टेबलावरचा कप मात्र लख्ख.

परत गेले. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीनकडे नीट पाहिलंही नाही. ‘मॅडम, जुनी लेन्स आहे, अशीच यायची. लोक याच लुकसाठी घेतात.’

माझं डोकं फिरलं ते या वाक्याने. हेलिओसचा लुक मला माहीत होता, त्यासाठीच तर हा खटाटोप. ही ५८ मिमी एफ/२ लेन्स म्हणजे जर्मन झाइसच्या बायोटारचा सोव्हिएत अवतार, चार गटांत सहा काचा. एफ/२ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवून, माणूस दीड-दोन मीटरवर उभा करा आणि त्याच्या बऱ्याच मागे पानांतून ऊन झिरपणारं झाड घ्या, की मागचे प्रकाशाचे ठिपके मधोमध गोल आणि कडांकडे मांजरीच्या डोळ्यासारखे चपटे होत जातात आणि सगळी पार्श्वभूमी गरगर फिरल्यासारखी दिसते. कडेच्या किरणांना लेन्सची नळीच अडवते आणि फोकसचं प्रतलही सपाट नसतं, त्याचा हा परिणाम. उन्हाकडे तोंड केलं की कॉन्ट्रास्ट पडतो, कारण कोटिंग एकेरी. हा सगळा तिचा स्वभाव, आणि माझ्या नव्या ५० मिमीत तो औषधालाही नाही. पण पलीकडची इमारत एफ/८ वरही न दिसणं हा स्वभाव नाही, ते बिघडलेलं काम आहे.

मग ‘अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला आहे’ सुरू झालं. हेलिओससारख्या एम४२ (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनी कॅमेऱ्यात ते १८ मिमीच, मधले साडेसत्तावीस अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. तो जाड निघाला तर इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचा फोकस, खरंच हुकते, म्हणजे आरोप अगदीच हवेतला नव्हता. ओळखीच्या एका काकांकडून ताकुमार ५५ मिमी ही दुसरी एम४२ लेन्स मागून आणली आणि दुकानाच्याच काउंटरवर, त्याच अ‍ॅडॉप्टरवर लावून रस्त्यापलीकडची पाटी दाखवली. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मग हेलिओस लावली. काउंटर गप्प.

तेव्हा कुठे आतून एक वयस्कर कारागीर आले. त्यांनी रिंग दोनदा फिरवली आणि म्हणाले, ‘आटे चुकलेत.’ फोकसच्या नळीचे आटे एका जागेवरून नाही, अनेक जागांवरून सुरू होतात. कुठूनही बसवले तरी रिंग फिरते, पण लेन्स योग्य खोलीपर्यंत जाते ती एकाच सुरुवातीवरून. खोलताना खूण न करता खोललं की हे असं. त्यांनी एकेक सुरुवात लावून, दर वेळी पाटी बघत, माझ्यासमोर ते जुळवलं. एवढ्याशा कामासाठी मला किती दिवस ‘लुक’ शिकवत होते!

क्रॉप सेन्सरवाल्यांनी (म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा, फुल फ्रेमपेक्षा, लहान आहे) एक लक्षात घ्या, गरगर मुख्यतः कडांना असते आणि तुमच्याकडे कडाच कापल्या जातात. फुल फ्रेमइतकी मिळणार नाही. ४४-२ ऐवजी ऑटो-मॅन्युअल खटका नसलेली ४४-एम मालिकेतली लेन्स असेल तर मागची पिन दाबून धरणारा अ‍ॅडॉप्टर घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बंदच होणार नाही.

आणि दुरुस्तीची लेन्स घेताना दुकानाबाहेर उभं राहून लांबचा एक फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या बिलावर नुसतं ‘जनरल क्लीनिंग’ होतं. त्याखाली ‘इन्फिनिटी तपासली’ असं मी काउंटरवरच्या त्याच माणसाकडून हाताने लिहून घेतलं, शिक्क्यासकट.