नवीन बॅटरीसुद्धा उतरली, दोष ट्रान्सफर स्विचमध्ये निघाला

लाइट गेली, जनरेटरने आपोआप सुरू व्हायला हवं होतं, आणि आतून नुसता टक् टक् आवाज आला. हे आठवलं की अजून डोकं तापतं. राग जनरेटरवर नाही, सर्व्हिस सेंटरवर आहे.

फोन केला की उत्तर ठरलेलं: "बॅटरी गेली, नवी टाका." नवी टाकली, तीही उतरली. मग ती तपासायला नेली, चार्ज केली आणि "बॅटरी एकदम चांगली आहे" म्हणून परत आणून बसवली. चांगली आहे तर उतरते कशी, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. "पॅनेलवर मेन्सचा (म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइटचा) दिवा लागलाय ना? म्हणजे चार्जिंग होतंय." सगळे हेच सांगून जायचे, आणि नेमकं हेच खोटं होतं.

स्टँडबाय जनरेटर महिनोन्‌महिने नुसता उभा असतो, पण त्याचा कंट्रोलर चोवीस तास जागा असतो आणि बॅटरीतून थोडाथोडा करंट घेत राहतो. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी पडल्या पडल्याही उतरते, उन्हाळ्यात जरा जास्तच. ही तूट भरून काढायला आत एक छोटा चार्जर असतो. आमच्या सेटमध्ये त्याचा एसी पुरवठा ट्रान्सफर स्विचमधून येतो, म्हणजे घराचा पुरवठा मेन्सवरून जनरेटरवर आणि परत बदलणाऱ्या स्विचमधून. स्विचपासून जनरेटरपर्यंत बारीक कंट्रोल वायरी जातात. त्यातल्या दोन मेन्सच्या बाजूने निघतात आणि लाइट आहे की नाही एवढंच कंट्रोलरला कळवतात. चार्जरची वायर लोडच्या, म्हणजे घराकडे पुरवठा जाणाऱ्या, बाजूने निघते, म्हणजे स्विच मेन्सवर असो की जनरेटरवर, तिला पुरवठा मिळतोच. आमच्या इंजिनाला बॅटरीसाठी वेगळा अल्टरनेटर नाही, त्यामुळे सगळी भिस्त याच एका वायरीवर. (मोठ्या सेटमध्ये इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरतो, आणि उभ्या सेटची बॅटरी पॅनेलमधला चार्जर सांभाळतो.)

या प्रत्येक वायरीला आपापला छोटा फ्यूज असतो. चार्जरचा उडाला आणि बाकीचे दोन शाबूत राहिले, तर मेन्सचा दिवा खुशाल लागलेला दिसतो आणि बॅटरी मात्र उपाशी. "दर आठवड्याला टेस्ट रन होतो, त्यात भरते" असंही मला ऐकवलं गेलं. वायरच मेलेली असेल तर त्या टेस्ट रनमध्ये भरत काहीच नाही. उलट प्रत्येक स्टार्टला बॅटरी आणखी उतरते.

शेवटी बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. रात्रभर लाइट असूनही 12.2 व्होल्ट. चार्जर चालू असता तर आकडा 13 च्या वर हवा होता. मग त्याने ट्रान्सफर स्विचचं झाकण उघडलं. चार्जरच्या फ्यूजच्या एका टोकाला पूर्ण व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला शून्य. फ्यूज काढून हातात घेतला तर वरून अगदी नव्यासारखा, ना काळा डाग, ना तडा. तो नुसता बघून कुणालाच कळला नसता, पण मीटर एकदा लावला असता तर पहिल्याच दिवशी कळला असता.

त्याने लगेच नवा फ्यूज घातला नाही, आधी वायर तपासली, हे मला फार आवडलं. झाकणाच्या कडेखाली ती दबली होती आणि इन्सुलेशन कापून तांबं दिसत होतं. ती दुरुस्त केली, मग त्याच रेटिंगचा फ्यूज बसवला. मीटरवरचा आकडा हळूहळू चढून 13 च्या पुढे गेला तेव्हा जीव भांड्यात पडला.

मीटर हाताशी असेल तर बॅटरीचे टर्मिनल घरच्या घरी मोजता येतात. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी चार्जरशिवाय थोडा वेळ ठेवली की 12.6 च्या आसपास दाखवते. ट्रान्सफर स्विचच्या आत मात्र हात घालू नका; जनरेटर बंद असला तरी तिथे मेन्स जिवंत असते. काम सुरू करण्याआधी जनरेटर 'ऑटो'वरून 'ऑफ'वर आणायला सांगा, नाहीतर मध्येच लाइट गेली तर तो आपोआप सुरू होईल. आणि फ्यूजच्या जागी तार बांधून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

हो, बॅटरी खरंच खराब आहे का, हेही कळतं. पूर्ण भरलेली असूनही स्टार्टर फिरताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं, तर बदला.

बॅटरी बदलायला आलेल्या माणसाला बसवून झाल्या झाल्या जाऊ देऊ नका. मेन्स चालू असताना टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजायला लावा, मग चार्जरचा पुरवठा बंद करून पुन्हा मोजायला लावा. दुसरा आकडा खाली यायला हवा. दोन्ही आकडे सर्व्हिस स्लिपवर लिहून घ्या, आणि मगच सही करा.