एका घराला एक चावी

जुन्या फिल्म तपासून स्कॅन करणं हे माझं काम. ‘आजोबांनी काढलेली रिळं आहेत’ असा फोन आला की बारसं नाहीतर लग्न असणार, असं मी धरूनच चालतो. उजनीच्या पाण्याकाठच्या एका पुनर्वसित गावठाणातून आलेला फोन वेगळा निघाला.

आजोबा सरकारी माहितीपटांचे कॅमेरामन. उजनी धरण 1980 साली पुरं झालं. पाणी चढायच्या आधी त्यांनी सुट्टी काढून स्वतःच्या बोलेक्सवर जुनं गाव घरोघर टिपलं. हा 16 मिमीचा कॅमेरा चावीवर चालतो. पुरती चावी दिली तरी अर्ध्या मिनिटाच्या आत थांबतो. त्यांचा हिशेब सरळ होता, एका घराला एक चावी. माणसं उंबऱ्यात येतात, पोरं खिदळतात, म्हातारी पदर सावरते, तेवढ्यात शॉट खलास. शंभर फुटांच्या रिळात पाच-सहा घरं. सिनेमा म्हणून बघाल तर कंटाळाल.

निवृत्तीनंतर दर यात्रेला ते देवळाच्या भिंतीवर ही रिळं लावायचे. वेगवेगळ्या गावठाणांत पांगलेलं गाव त्या रात्री एकत्र यायचं. ते गेल्यावर नातवाने प्रोजेक्टर हाती घेतला. मला धडकी भरली ती इथे, कारण फिल्म रिव्हर्सलची. निगेटिव्ह नाहीच. कॅमेऱ्यातून निघालेली एकुलती एक प्रत इतकी वर्षं प्रोजेक्टरमधून ओढली जात होती. छिद्रं फाटलेली, जोड सेलोटेपचे!

एका डब्याला व्हिनेगरचा वास होता. असिटेटची फिल्म उष्ण-दमट हवेत कुजू लागली की आम्ल सुटतं, शेजारच्या रिळांनाही लागण होते. तो डबा आधी बाजूला काढला.

बाकीची रिळं व्ह्यूअरवर हाताने फिरवत होतो, तर मागे ही गर्दी. फिल्म मुकी, पण माणसं कुठली गप्प बसतात! “थांबा, मागं घ्या, त्यो आमचा खिलार हाय.” दोन म्हातारे सामाईक भिंतीवरून भांडले, तीही पाण्याखाली गेलेली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. कुठलं घर कुणाचं, हे डब्यांवर लिहिलेलंच नव्हतं.

वासाच्या डब्यावर मात्र ‘खालची आळी’ एवढं होतं. आतलं रीळ चिकटून गठ्ठा झालेलं. ते पुण्याला आणलं. बाहेरचे वेढे सुटलेत, आतले अजून नाहीत. त्या आळीतल्या एक आजी अधूनमधून फोन करतात.

“कुणाच्या घरापत्तूर आलाय?”

“सुताराच्या.”

“मग मधी एकच घर. त्याच्या म्होरं आमीच.”