डिस्क गेली नव्हती

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात हुपरीचे एक काका आले, चांदीच्या पैंजणांचे कारागीर. लॅपटॉप चालू केला की निळा स्क्रीन, मग विंडोज स्वतःच दुरुस्तीला बसायचं, की परत निळा स्क्रीन. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, डिस्क गेली, नवीन टाका. निदान फॉरमॅट तरी मारावंच लागेल.

"फॉरमॅट तेवढं नगा मारू दादा. सगळी डिझाइनं त्यातच हाईत, कागदावर कायबी न्हाई."

स्क्रीनवर कोड होता 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे विंडोज उठायला लागतं, पण मधेच त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये, गेलो तर डिस्क नावासकट दिसत होती. तारीख मात्र कित्येक वर्षं मागची. तिथंच शंका आली.

"काका, बॅटरी कुठाय?"

फुगली म्हणून काढून ठेवली होती. लॅपटॉप थेट चार्जरवर चालायचा आणि रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद. म्हणजे बायोसची सगळी मदार आतल्या छोट्या सेलवर. झाकण खोललं, सीआर 2032 सेल काढून मल्टिमीटर लावला. 3 व्होल्टच्या सेलमध्ये 1 व्होल्टसुद्धा उरला नव्हता.

सेल संपला की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात. या मॉडेलमध्ये डिस्कचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, मूळचा 'रेड'. मध्यंतरी कुणीतरी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवताना विंडोज 'एएचसीआय' या दुसऱ्या मोडवर टाकलं होतं. मोड बदलल्यावर डिस्क ओळखायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, सुरुवातीलाच चढला नाही, आणि धडधाकट डिस्क विंडोजला दिसेना.

सेटिंगला हात लावण्याआधी एसएसडी काढून माझ्या मशीनला लावली. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, नव्हता, नशीब. तो असता तर 48 आकडी रिकव्हरी की मागितली असती. डिझाइनं आधी कॉपी करून घेतली. मग नवा सेल, तारीख-वेळ, मोड एएचसीआय. विंडोज सरळ चालू झालं.

काकांनी पहिल्यांदा एकच फाइल उघडली. बारीक घुंगरांची ओळ, मधे कोयरी. "ह्यो नमुना माझ्या वडलांचा," म्हणाले.

मला आधीच्या दुकानाचा राग आला, अजूनही येतो. डिस्क गेली म्हणण्याआधी ती बायोसमध्ये दिसते का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. फॉरमॅट मारला असता तर तो नमुना गेला असता.

झाकणाच्या आतून मोडची चिठ्ठी चिकटवली, डिझाइनं पेनड्राइव्हवर दिली. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, आणून द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा घेऊन आला.