दाराजवळचा खोका आणि त्यावरची यादी

इंग्लंडमध्ये आया आपली पाच वर्षांखालची मुलं घेऊन आठवड्यातून एकदा चर्चच्या किंवा वस्तीच्या हॉलमध्ये जमतात. दीड-दोन तास खेळ, गाणी, चहा-बिस्किटं, आणि मग सगळ्यांनी मिळून खेळणी आवरायची. अशा बऱ्याच गटांत हॉलच्या दाराशी एक खोका ठेवलेला असतो. त्यावरच्या कागदावर साधारण असं लिहिलेलं असतं : ‘या आठवड्यात हवं – टिकाऊ दूध, डबाबंद फळं, मोठ्या मापाचे डायपर. सध्या नको – पास्ता, बीन्स.’ खोका भरला की तो जवळच्या फूड बँकेत, म्हणजे गरजू कुटुंबांना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, जातो. ना कार्यक्रम, ना हार, ना भाषण.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा तो कागद. नागपुरात मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये संध्याकाळी मुलं घेऊन खाली उतरणाऱ्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, आणि देण्याची इच्छाही भरपूर असते. पण सुरुवात होते ती ‘घरात जे आहे ते घेऊन या’ अशा निरोपाने. मग कुणाच्या तरी हॉलमध्ये कपड्यांची बारा पोती महिनाभर पडून राहतात आणि उत्साह तिथेच संपतो. आधी यादी, मग गोळा करणं. हा क्रम उलटू देऊ नका.

यादी कुणाकडून घ्यायची हेही ठरलेलं असावं. इंग्लंडच्या बऱ्याच फूड बँकांमध्ये कुटुंबाला हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांच्या घरी भेट देणारी परिचारिका), डॉक्टर किंवा शाळेकडून चिठ्ठी आणावी लागते, त्यामुळे गरजू कोण हे ठरवण्याचं ओझं खेळगटावर येत नाही. आपल्याकडे हे काम अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा सरकारी दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक करू शकतात. दोघीच जणी जा, रिकाम्या हाताने जा आणि तीन गोष्टी विचारा : काय कमी पडतं, किती लागतं, ठेवायला जागा किती आहे. अंगणवाडीला काही द्यायचं तर सेविकेमार्फत मुख्यसेविकेची (तिच्यावरच्या पर्यवेक्षिकेची) परवानगी आधी घ्या. खाऊ न्यायचा मोह आवरा. तिथे पूरक आहाराची सोय आधीच असते आणि बाहेरच्या पदार्थाने एखादं पोरगं आजारी पडलं तर जाब सेविकेला द्यावा लागतो.

नागपूरच्या डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून ‘रेफर’ होऊन येणारी बाई पुष्कळदा अंगावरच्या कपड्यांनिशी पोचते. तिच्यासाठी बाळंतिणीची पिशवी भरणं हा छोट्या गटाला झेपणारा उपक्रम आहे. एका पिशवीत पुढून उघडणारी तीन झबली, सहा लंगोट, दोन दुपटी, एक टोपडं, एक टॉवेल, अंगाचा साबण, जाड सॅनिटरी पॅडचं एक पाकीट आणि आईसाठी पुढून बटणं असलेला सुती गाऊन. गाऊन बहुतेक सगळ्या विसरतात, आणि अंगावर पाजताना अडतं ते त्याच्याचवाचून. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीतून साधारण पाच चौकोनी दुपटी निघतात. काठ आणि जर कापून टाका, खळ जाईपर्यंत दोनदा धुवा, कडा दुमडून शिवा. पहिल्या खेपेला दहाच पिशव्या करा. वॉर्डातल्या सिस्टरना त्या कशा वाटल्या हे ऐका आणि मगच पुढच्या पन्नासाचं कापड आणा.

दुधाची पावडर आणि बाटल्या मात्र कितीही चांगल्या मनाने आल्या तरी घेऊ नका. 1992 च्या कायद्याप्रमाणे शिशुदूधपर्याय आणि दूध पाजायच्या बाटल्या दान करायला किंवा वाटायला मनाई आहे, अपवाद फक्त अनाथाश्रमाचा. कारणही पटण्यासारखं आहे. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असतं, आणि दुसरा डबा विकत घ्यायला पैसे नसले की पावडरीत पाणी वाढतं.

कपडे निवडणं हे खरं कष्टाचं काम. एक स्वेटर हातात घेतलात तर आधी नाकाशी न्या. डांबराच्या गोळ्यांचा वास आला तर तो नवजात बाळाच्या ढिगात टाकूच नका. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं आणि कावीळ वाढते. कमतरता कुणाला आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि एका धुण्याने तो वास पुरता जातही नाही. मोठ्यांचे लोकरी कपडे धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून देता येतात. पुढे स्वेटर उलटा करा, शिवण ताणून पाहा, प्रत्येक बटण ओढून पाहा. गळ्याशी किंवा टोपीला नाडी असेल तर ओढून काढा, ती घसरगुंडीत अडकून फास बसतो. इलॅस्टिक सैल पडलं असेल तर तो कपडा पुसण्यात. स्वतःच्या मुलाला उद्या घालाल का, एवढंच विचारा. उत्तर ‘घरात घालायला चालेल’ असं आलं तर तो नाकारा.

अजून एक अडचण ठरलेली आहे. बाळं पहिल्या वर्षात भराभर वाढतात, म्हणून त्या मापाचे कपडे जवळजवळ कोरे येतात आणि ढीग लागतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे कपडे मात्र वापरून विटलेले असतात. म्हणून ती मापं यादीत नावानिशी मागा. उरलेली तूट भरायला वर्गणीतून इतवारी बाजारात ठोक भावाने नवीन घेतलेले बरे.

खेळण्यांत बटणासारखा चपटा सेल असेल आणि झाकण स्क्रूने घट्ट बसत नसेल तर ते खेळणं बाद. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी टॉयलेट रोलच्या नळीतून आरपार जाणारी कोणतीही वस्तू नको.

निवड करताना आपली पोट्टीही तिथेच असतात, हे धरून चला. बारा जणी असतील तर चौघींनी टेबलावर निवडायचं, दोघींनी लिहायचं आणि बाकीच्यांनी मुलं सांभाळायची. पाऊण तासानंतर थांबायचं, उरलेलं पुढच्या आठवड्यात. कात्री, सेफ्टी पिना आणि प्लास्टिकच्या पिशव्या जमिनीवर कधीच ठेवायच्या नाहीत.

पैशांचं बोलू. नोंदणी नसलेल्या गटाने कुणा एकीच्या यूपीआयवर देणगी गोळा करू नये. देणारीने थेट संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती आपल्या नावावर घ्यावी. देणगीवरची आयकर सवलत (जी 80जी नावाने ओळखली जाते) वस्तूंना मिळत नाही, 2,000 रुपयांवरच्या रोख रकमेलाही नाही, आणि नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही. परदेशातल्या मैत्रिणींसाठी महत्त्वाचं : भारतीय पासपोर्ट असलेलीने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ते परकीय देणगीत मोजतात आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात. अशा संस्थेला ही रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. म्हणून लंडनमधल्या शेजारणींनी दिलेले पाउंड ‘माझ्या खात्यातून पाठवते’ असं करू नका.

फोटो पिशव्यांचे काढा, घेणाऱ्यांचे नको. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं तर बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाखाली गुन्हा आहे.

वेळापत्रक आपल्या सणांत आयतंच आहे. स्वेटर दिवाळीच्या साफसफाईत मागा म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत पोचतील. इथला पारा डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली उतरतो, तेव्हा गोळा करायला बसलात तर वाटेपर्यंत थंडी संपलेली असते. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन दारोदारी फिरतात. मिळालेल्या बोजाऱ्यातलं (खाऊच्या पैशांतलं) एक नाणं खोक्यात टाकायला तीन वर्षांच्या मुलालाही जमतं, आणि तो आवाज त्याला फार आवडतो. संक्रांतीला बोरन्हाण आणि हळदीकुंकू एकाच संध्याकाळी ठेवा. वाणात प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी निमंत्रणातच सांगा की प्रत्येकीच्या नावाने दोन साबण आणि पॅडचं एक पाकीट खोक्यात जाईल. रथसप्तमीपर्यंत खोका दाराशीच राहू द्या, आणि सिस्टरना फोन करून त्यावरचा कागद दर सोमवारी बदला.