गोल्फ जीटीआय मार्क ५: एलएसडी कोणता घ्यावा?

वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतंच फिरत असेल, तर दोष ओपन डिफरेन्शियलचा, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला न रोखणाऱ्या साध्या डिफचा (डिफ म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरजोडणी). पॉवर वाढवण्याआधी एलएसडी, म्हणजे हे घसरणं मर्यादित ठेवणारा लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल बसवा, पैसे तिथेच सार्थकी लागतात.

रोज चालवायच्या गाडीला हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांच्या गिअरवर चालणारा, क्वेफ कंपनीच्या एटीबीसारखा. त्यात क्लच प्लेट नसतात, त्यामुळे झिजणारं फारसं काही नाही आणि स्टिअरिंगही हिसडे कमी देतं. उणीव एकच: आतलं चाक हवेत उचललं गेलं की तो जवळपास ओपन डिफसारखा वागतो. कर्बवरून उडवत ट्रॅकवर पळवणार असाल तरच क्लच प्लेटवाला घ्या, तोही १-वे (फक्त वेग देताना पकडणारा) किंवा १.५-वे (वेग सोडतानाही थोडा पकडणारा). प्रीलोड, म्हणजे प्लेटवरचा आधीपासूनचा दाब, जास्त ठेवलात तर वळणात शिरतानाच गाडी बाहेर ढकलली जाते. त्याचं तेलही वारंवार बदलावं लागतं.

खरी गोम बसवण्यात आहे. या गाडीच्या ०२क्यू मॅन्युअल गिअरबॉक्सची क्राउन व्हील (डिफला फिरवणारं मोठं दातेरी चाक) रिव्हेटनं जोडलेली असते. रिव्हेट ड्रिल करून काढा आणि किटमधले बोल्ट दिलेल्या टॉर्कनंच आवळा. धातूचा एक कण आत राहिला तरी बेअरिंग गेलंच. डिफची बेअरिंग नवीच घाला, आणि शिम (बेअरिंगचा ताण ठरवणारी पातळ चकती) मापूनच. जुनी शिम अंदाजानं परत बसवली की घरघर सुरू होते. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे, तर क्लच आणि ड्राइव्हशाफ्टचे ऑइल सीलही बदलून घ्या.